अकरा जणांचं युनिट: न्यू हॅम्पशायरच्या एका लहान पोलीस खात्यात कोण आत, कोण बाहेर

न्यू हॅम्पशायरमध्ये सगळं दहा या आकड्यावर अडतं. युनियनला मालकाशी ज्या गटाच्या वतीने करार करायचा असतो त्याला बार्गेनिंग युनिट म्हणतात, आणि या राज्यात दहापेक्षा कमी माणसांच्या युनिटला मान्यताच मिळत नाही. मोठ्या शहराच्या खात्याला हे कलम जाणवतही नाही. आमच्यासारख्या एकोणीस माणसांच्या खात्यात मात्र प्रत्येक नावावर भांडण होतं. मी तिथे रेकॉर्ड्स क्लार्क आहे. सप्टेंबरमध्ये सुरू झालेलं हे काम पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरच्या शेवटी संपलं. आपल्यापैकी बरेच जण आता इथे गावाच्या, काउंटीच्या, शाळांच्या नोकऱ्यांत आहेत. त्यांच्यापैकी कुणावर ही वेळ आली तर कागद कुठून जमवायचे आणि घोडं कुठे अडतं हे आधी कळावं, म्हणून सगळं क्रमाने लिहिते.

महाराष्ट्रातल्या वाचकांना पोलिसांची युनियन म्हटलं की १९८२ आठवेल. त्या ऑगस्टमध्ये राज्यातल्या पोलीस संघटनेची मान्यता गेली आणि १८ तारखेला मुंबईत पोलीसच रस्त्यावर आले. भारतात १९६६ च्या कायद्यामुळे सरकारच्या परवानगीशिवाय पोलिसाला कामगार संघटनेचं सभासद होता येत नाही. इथली मांडणी वेगळी आहे. अमेरिकेचा १९३५ चा केंद्रीय कामगार संबंध कायदा राज्यांच्या आणि गावांच्या नोकरांना लागू होत नाही, त्यामुळे ज्याचं त्याचं राज्य ठरवतं. न्यू हॅम्पशायरचा कायदा १९७५ चा, क्रमांक आरएसए २७३-ए. तो राबवणारं बोर्ड राज्याच्या राजधानीत, कॉन्कॉर्डला आहे. संप बेकायदा आहे, पण युनियन करायचा हक्क पोलिसांनाही आहे.

दुसऱ्या राज्यातल्या ओळखीच्यांचा सल्ला इथे लावू नका. न्यू जर्सीत काही अपवाद सोडले तर पोलिसाला बिगरपोलीस सभासद असलेल्या संघटनेत जाता येत नाही. इलिनॉयमध्येही पोलीस आणि इतर कर्मचारी यांची युनिटं साधारणपणे वेगळी ठेवतात. न्यू हॅम्पशायरमध्ये वर्दीवाले आणि बिनवर्दीचे एकाच युनिटमध्ये बसू शकतात, फक्त त्यांचे हितसंबंध समान आहेत हे दाखवावं लागतं. आमचं सगळं या एका वाक्यावर उभं होतं.

सप्टेंबरमध्ये गावच्या वाचनालयाच्या खोलीत पहिली बैठक झाली. सगळे ड्युटी संपवून आले होते. इथे एक सांगून ठेवते. याबद्दल खात्याच्या ईमेलवर एक अक्षर लिहू नका, आणि डिस्पॅचच्या, म्हणजे मदतीचे कॉल घेऊन गस्तीवाल्यांना कळवणाऱ्या विभागाच्या फोनवर तर बोलूच नका, कारण ती लाइन रेकॉर्ड होत असते. संघटना बांधणाऱ्याला त्रास देणं हे कायद्यात मालकाचं गैरवर्तन ठरतं, पण कामाच्या वेळेत केलेल्या गोष्टीवरून वाद ओढवून घ्यायचं कारण नाही.

त्या बैठकीत आम्ही चुकलो. आधी युनियनला पाठिंब्याची कार्डं भरायला घेतली आणि माणसं नंतर मोजली. क्रम उलटा हवा होता. नोव्हेंबरमध्ये युनियनची प्रतिनिधी बाई आल्या आणि त्यांनी सगळ्यात आधी एका कागदावर पूर्ण खातं लिहून काढायला लावलं. चीफ एक, लेफ्टनंट एक, सार्जंट दोन, डिटेक्टिव्ह एक, गस्तीचे अधिकारी सहा, अर्धवेळ अधिकारी दोन, डिस्पॅचर दोन, रेकॉर्ड्स क्लार्क एक, चीफची सेक्रेटरी एक, शाळेसमोर रस्ता ओलांडून देणारे दोन. प्रत्येक नावापुढे नोकरी लागल्याची तारीख, आठवड्याचे तास, पगाराची श्रेणी, रजा कोण मंजूर करतं आणि मूल्यमापनावर सही कोण करतं, एवढे रकाने. हा तक्ता पुढे वर्षभर आमच्या हातात होता. तो करायला दोन संध्याकाळी लागल्या आणि त्या सत्कारणी लागल्या.

चीफ आणि लेफ्टनंट युनिटमध्ये येणार नाहीत हे उघड होतं. शाळेसमोरचे दोघे फक्त शाळा चालू असताना काम करतात, आणि हंगामी, अनियमित किंवा बोलावल्यावर येणाऱ्या माणसांना कायदा कर्मचारी म्हणून धरतच नाही. उरले पंधरा. बोर्डाकडे मान्यतेचा अर्ज करायला प्रस्तावित युनिटमधल्या निदान ३० टक्के लोकांची पाठिंब्याची कार्डं लागतात, म्हणजे पंधराला पाच. आमच्याकडे अकरा होती. पाचावर थांबू नका. सुनावणीत नावं गळतात, माणसं नोकरी सोडतात आणि पुढे गुप्त मतदानात बहुमत लागतंच. कार्डावर तारीख आणि सही दोन्ही हवीत, नाव पगारपत्रकावर असेल तसंच हवं. आमच्या दोन कार्डांवर तारीख नव्हती, ती पुन्हा भरून घ्यावी लागली. कार्डं बोर्डाकडे जातात, मालकाला दाखवली जात नाहीत. ही गोष्ट प्रत्येकाला आधी सांगा, कारण बहुतेकांची भीती तिथेच असते.

जानेवारीत गस्तीवरचा एक अधिकारी शेजारच्या शहरात नोकरी धरून गेला. पंधराचे चौदा झाले. सार्जंट आणि सेक्रेटरी वादात जाणार हे दिसत होतं, त्यामुळे हा एक माणूस फार महाग पडला असता. काही जण म्हणाले, आत्ताच अर्ज टाकू. प्रतिनिधी बाई म्हणाल्या, थांबा. कारण कलम आठमध्ये एक तरतूद आहे: प्रोबेशनवरचा कर्मचारी दहाची संख्या भरण्यासाठी मोजला जातो, त्याला फक्त मतदान करता येत नाही. मार्चच्या मध्यावर रिकाम्या जागी नवा माणूस रुजू झाला आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही अर्ज दिला. ते अडीच महिने अंगावर आले होते. तरी लहान खात्यात हाच हिशोब करावा असं माझं मत आहे. रिकामी जागा कुणाच्याच बाजूने मोजता येत नाही.

प्रोबेशनचा दुसरा भाग आमच्या नशिबाने वेळेवर लक्षात आला. गावाच्या नियमावलीत पोलीस अधिकाऱ्याचं प्रोबेशन अठरा महिन्यांचं आहे. आमच्यातला एक जण चौदाव्या महिन्यात होता, आणि गावाच्या हिशोबाने तो प्रोबेशनवरच. पण राज्याचा कायदा सांगतो की बारा महिन्यांपेक्षा जास्त नोकरी झालेल्या माणसाला या कायद्यापुरतं प्रोबेशनवरचा म्हणता येणार नाही. म्हणजे गावाची नियमावली काहीही म्हणो, त्याचं मत त्याचंच राहिलं. म्हणून तक्त्यात रुजू झाल्याची तारीख लिहा, ‘प्रोबेशन: हो किंवा नाही’ असा रकाना ठेवू नका.

अर्जात युनिटचं वर्णन नावांनी करत नाहीत, पदांनी करतात. आम्ही लिहिलं: सार्जंट, डिटेक्टिव्ह, गस्तीचे अधिकारी, अर्धवेळ अधिकारी, डिस्पॅचर, रेकॉर्ड्स क्लार्क आणि सेक्रेटरी. आमच्या नोटिशीत गावाला उत्तरासाठी १५ दिवस दिले होते. उत्तर शेवटच्या दिवशी आलं. सार्जंट सुपरवायझर आहेत, सेक्रेटरी गोपनीय कर्मचारी आहे, अर्धवेळचे दोघे अनियमित आहेत, आणि डिस्पॅचर व रेकॉर्ड्स क्लार्क यांचे पोलिसांशी समान हितसंबंध नाहीत. सगळे आक्षेप मान्य झाले असते तर सातच उरत होते. सात म्हणजे युनिटच नाही. तो कागद वाचल्यावर दोन दिवस कुणाच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. मग आम्ही एकेक आक्षेप घेऊन बसलो.

सेक्रेटरीचा प्रश्न सगळ्यात अवघड होता, माणूस म्हणून आणि कायदा म्हणूनही. कायद्यातला ‘गोपनीय’ हा शब्द पोलीस खात्यात हमखास घोटाळा करतो. आमच्याकडे सगळ्यांच्याच हातात गुपितं असतात. डिटेक्टिव्ह खबऱ्यांची नावं सांभाळतो, डिस्पॅचर वॉरंट बघतो, रेकॉर्ड्समध्ये अल्पवयीन मुलांच्या फायली असतात. पण इथे गोपनीय म्हणजे तपासातलं गोपनीय नव्हे. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने लकोनिया शहराच्या १९९२ च्या प्रकरणात सांगितलं आहे की गोपनीय कर्मचारी म्हणजे कामगार संबंध, वाटाघाटी, कर्मचाऱ्यांबद्दलचे महत्त्वाचे निर्णय अशा माहितीपर्यंत पोचणारा कर्मचारी. कसोटी अशी लावायची: उद्या गाव युनियनशी बोलायला बसलं तर गावाची आतली भूमिका, म्हणजे किती टक्के द्यायचे, कुठे थांबायचं, हे या माणसाच्या टेबलावरून जाईल का?

आमच्या सेक्रेटरीच्या टेबलावरून ते नक्कीच गेलं असतं. चीफचं अंदाजपत्रक त्या टाइप करतात, अंतर्गत चौकशीच्या फायली त्यांच्याच कपाटात असतात आणि शिस्तभंगाची पत्रं त्याच तयार करतात. त्यांनी विश्वासाने कार्ड भरलं होतं आणि आम्हाला ते मागे ठेवावं लागलं. मे महिन्याच्या सुरुवातीला सुनावणीआधीची बैठक झाली, तिथे आम्ही त्यांचं पद मागे घेतलं. बदल्यात रेकॉर्ड्स क्लार्क गोपनीय कर्मचारी नाही हे गावाने लेखी मान्य केलं. हिशोब योग्य होता. पण त्यांना हे सप्टेंबरमध्येच सांगायला हवं होतं. ज्याचं पद टिकण्याची शक्यता कमी आहे, त्याला कार्ड देण्याआधी समोर बसून तसं सांगा. आम्ही सांगितलं नाही, आणि त्याचं वाईट मला अजून वाटतं.

त्याच बैठकीत अर्धवेळच्या दोघांचा अर्धा प्रश्न सुटला. एकजण परेड, वादळ किंवा कुणी आजारी पडलं तरच येतो. त्याचं नाव आम्ही सोडून दिलं. दुसरा दर आठवड्याला शुक्रवार ते रविवार, ठरलेल्या पाळ्यांत मिळून चोवीस तास करतो. त्याच्यासाठी आम्ही बारा महिन्यांची ड्युटीची वेळापत्रकं आणि पगाराच्या नोंदी काढल्या. बावन्नपैकी एकोणपन्नास आठवडे तो कामावर होता, तीन आठवडे रजेवर. ‘अर्धवेळ’ या शब्दावर वाद घालत बसू नका, तास दाखवा. त्याचं पद सुनावणीपर्यंत वादात राहिलं आणि कागदांमुळे आत आलं. अर्जात मात्र आम्ही नुसतं ‘अर्धवेळ अधिकारी’ लिहिलं होतं ते चुकलं होतं. ‘नियमित अर्धवेळ’ असं लिहायला हवं होतं. बैठकीत ते दुरुस्त करून घेतलं.

या बैठकीला हलकं समजू नका. कोणत्या गोष्टींवर वाद नाही याची संयुक्त यादी तिथेच होते, साक्षीदार आणि पुरावे ठरतात. वाद नसलेली जितकी वाक्यं लिहून घ्याल तितके सुनावणीचे तास वाचतात. आमच्या यादीत बावीस वाक्यं होती: इमारत एक, नियमावली एक, सुट्ट्या त्याच, आरोग्य विमा तोच, हजेरीची पद्धत तीच.

जूनमध्ये कॉन्कॉर्डला सुनावणी झाली, सकाळी नऊपासून साडेचारपर्यंत. पुराव्यांचे पाच संच नेले होते, प्रत्येकी साधारण २४० पानांचे. वाचनालयात पानाला १० सेंट पडले, म्हणजे झेरॉक्सचेच १२० डॉलर. वकील नव्हता, आमच्या वतीने युनियनच्या प्रतिनिधी बाईच उभ्या राहिल्या, त्यामुळे वकिलाचा खर्च आला नाही. खरा खर्च रजेचा. साक्ष देणाऱ्या पाच जणांनी आपापली वैयक्तिक रजा घातली. आजारपणाची रजा चुकूनही घालू नका, त्यावरून वेगळंच प्रकरण उभं राहतं. आमची युनियन पहिला करार होईपर्यंत वर्गणी घेत नाही. प्रत्येक युनियनची पद्धत वेगळी असते, म्हणून हे सुरुवातीलाच लेखी विचारून घ्या. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या जेनस निकालानंतर सरकारी नोकरीत सभासद नसलेल्याकडून सक्तीने शुल्क घेता येत नाही, हेही सहकाऱ्यांना सांगायला हवं. आमच्यातल्या दोघांची शंका हीच होती.

डिस्पॅचर आणि रेकॉर्ड्स यांच्यावर निम्मा दिवस गेला. समान हितसंबंध कशावरून, याचे निकष कलम आठमध्ये दिलेले आहेत: नोकरीच्या अटी सारख्या असणं, आधीच्या वाटाघाटींचा चांगला इतिहास, एकच परंपरागत पेशा, एकाच संघटनात्मक घटकात काम. बोर्डाच्या नियमांत आणखी आहेत: जागा एक आहे का, नियम आणि पगाराची रचना एक आहे का, कर्मचाऱ्यांना स्वतःला आपण एक आहोत असं वाटतं का. सगळे निकष जुळायलाच हवेत असं नाही.

गावाच्या वकिलांचे मुद्दे कच्चे नव्हते. राज्याच्या निवृत्तिवेतन योजनेत पोलीस गट दोनमध्ये असतात आणि डिस्पॅचर, क्लार्क गट एकमध्ये. वर्दीवाल्यांना अकादमीचं प्रशिक्षण लागतं, आम्हाला लागत नाही. ओव्हरटाइमही वेगळा: केंद्रीय कायद्याने पोलिसांसाठी २८ दिवसांत १७१ तासांची मर्यादा धरता येते, आम्हाला आठवड्याला ४० तासांची. हे सगळं खरं आहे आणि ते नाकारायचा प्रयत्न आम्ही केला नाही. खरी गोष्ट नाकारली की बाकीच्या साक्षीवरचा विश्वासही उडतो.

आम्ही रोजचं काम पुढे ठेवलं. रात्री रस्त्यावर गाडी थांबवली की अधिकारी नंबर सांगतो, डिस्पॅचर लायसन्स आणि वॉरंट तपासून सांगतो, आणि त्या उत्तरावर पुढचं पाऊल ठरतं. अपघाताचा अहवाल अधिकारी लिहितो, रेकॉर्ड्समध्ये तो तपासून विमा कंपनीला आणि फिर्यादी पक्षाला जातो, चूक असेल तर त्याच अधिकाऱ्याकडे परत येतो. पाळी बदलताना सगळे एकाच खोलीत उभे असतात. बर्फाच्या वादळात गावाचं कार्यालय बंद होतं तेव्हा पोलीस खात्याबरोबर डिस्पॅचही चालू राहतं. हे शेवटचं वाक्य डिस्पॅचरच्या साक्षीत आपसूक आलं, आणि निकालात त्याचा उल्लेख होता. अशा साध्या गोष्टी आधी लिहून काढा. साक्षीदाराला पाठ करून देऊ नका, आपला दिवस कसा जातो तेवढं आठवायला सांगा.

मोल्टनबरो गावच्या पोलीस युनिटवर राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा २०१२ चा निकाल आहे, तो सुनावणीआधी पूर्ण वाचावा. बोर्डाचे जुने निर्णयही त्यांच्या संकेतस्थळावर मिळतात. आपल्याएवढ्या खात्यांचे निवडून चार-पाच वाचले तरी प्रश्न कसे येणार ते कळतं.

दुपारनंतर सार्जंट. कायदा म्हणतो, सुपरवायझरचे अधिकार लक्षणीय स्वविवेकाने वापरणारा माणूस ज्यांच्यावर देखरेख करतो त्यांच्याच युनिटमध्ये असू शकत नाही. दंडावरच्या पट्ट्यांनी हे ठरत नाही. ईस्ट डेरी फायर प्रीसिंक्टच्या १९९३ च्या आणि स्ट्रॅथम गावाच्या १९९९ च्या निकालांत न्यायालयाने सांगितलेली दिशा अशी: मूल्यमापन करायचा अधिकार आहे का, देखरेखीचं स्वरूप काय आहे, शिस्तीचा अधिकार किती आहे. पेशाच्या रीतीप्रमाणे अनुभवी माणूस नवख्यांना सांभाळतो, तेवढ्याने तो कायद्यातला सुपरवायझर होत नाही.

आम्हाला वाटलं होतं, आमचे दोघे या शेवटच्या वाक्यात बसतील. पाळीवर ते गस्तच घालतात, कॉल घेतात, तिकिटं फाडतात. रजा लेफ्टनंट मंजूर करतो. शिस्तीच्या बाबतीत ते तोंडी समज देतात, लेखी काही करायचं तर वर पाठवतात. इथपर्यंत बाजू आमची होती.

मूल्यमापनाने ती गेली. गावात पगाराची पायरी वर्षाच्या मूल्यमापनावर मिळते. पाचपैकी सरासरी तीन किंवा जास्त गुण असतील तरच पुढची पायरी. गुण सार्जंट देतात. लेफ्टनंट आणि चीफ सही करतात, म्हणून आम्ही ते नावापुरतं मानलं होतं. गावाच्या वकिलांनी तीन वर्षांचे फॉर्म नावं झाकून पुढे ठेवले. एकाही फॉर्मवर वरच्या माणसाने सार्जंटचा एकही गुण बदललेला नव्हता. एका वर्षी एकाला २.८ मिळाले होते आणि त्याची पायरी खरोखर थांबली होती. हे आम्हाला माहीत होतं, पण त्याचं वजन कळलं नव्हतं. तुमच्या खात्यात मूल्यमापन होत असेल तर अर्जाआधी तीन गोष्टी शोधा: गुण कोण भरतं, ते वर कधी बदलले गेलेत का, आणि त्या गुणांना पैसे जोडलेले आहेत का. तिन्हीची उत्तरं आमच्यासारखी असतील तर त्या पदाशिवाय दहा होतात का, हे आधी मोजा.

उलटतपासणीत सगळ्यांना एक प्रश्न आला: ‘तुम्ही सार्जंटला बॉस मानता का?’ याला हो किंवा नाही म्हणू नका. कोण काय करतं ते सांगा. रजेचा अर्ज कुणाला देता, पाळी कोण लावतं, चूक झाली की कोण बोलावतं. आमच्या एका तरुण अधिकाऱ्याने मोकळेपणाने ‘हो, अर्थात’ म्हटलं. ते खोटं नव्हतं, पण त्या शब्दाचा कायद्यातला अर्थ वेगळा आहे, आणि त्याला ते समजावून सांगायचं काम आमचं होतं.

लेखी युक्तिवादासाठी तीन आठवडे मिळाले. मग वाट पाहणं. जुलैचा मध्य ते सप्टेंबरचा तिसरा आठवडा. या काळात खात्यात अफवा फार उठतात. गस्तीवरचा कुणी सोडून जाईल की काय या धास्तीने आम्ही नोकरीच्या जाहिराती दिसल्या तरी गप्प बसायचो. कुणाला थांब म्हणायचा हक्क आम्हाला नव्हता.

निकाल वीस पानांचा होता. डिस्पॅचर आत, रेकॉर्ड्स क्लार्क आत, नियमित अर्धवेळ अधिकारी आत, सार्जंट बाहेर. मोजणी अकरा: गस्तीचे सहा, डिटेक्टिव्ह एक, नियमित अर्धवेळ एक, डिस्पॅचर दोन, क्लार्क एक. आणखी दोन नावं गेली असती तर सगळं संपलं होतं. सुनावणी अधिकाऱ्याच्या निर्णयावर बोर्डाकडे फेरविचार मागायला ३० दिवस असतात. गावाने तो मागितला नाही.

पुराव्याच्या बळावर सार्जंटचा निर्णय मला चुकीचा वाटत नाही. त्यापुढचं मात्र अन्यायाचं आहे. सुपरवायझरांना वेगळं युनिट करायला कायद्याची हरकत नाही, पण त्यालाही दहा माणसं लागतात. मोठ्या शहरात दहा सार्जंट-लेफ्टनंट सहज निघतात. आमच्याकडे दोघे आहेत. म्हणजे पंचवीस-पंचवीस वर्षं नोकरी केलेल्या या दोघांना कागदावर हक्क आहे आणि प्रत्यक्षात तो वापरायला जागा नाही. रात्री तीन वाजता गाडीत ते एकटेच असतात, तुटपुंज्या माणसांवर पाळी तेच ओढतात, आणि त्यांच्या वतीने बोलणारं कुणी नाही. दहाचा हा आकडा लहान गावांसाठी बदलायला हवा, असं मी राज्याच्या आमदारांना लिहून कळवलं आहे.

ऑक्टोबरच्या शेवटी खात्याच्या प्रशिक्षणाच्या खोलीत गुप्त मतदान झालं. बोर्डाचा माणूस पेटी घेऊन आला. मतपत्रिकेवर युनियनच्या नावाबरोबर ‘प्रतिनिधी नको’ हाही पर्याय असतो. नव्या अधिकाऱ्याला मत नव्हतं, ज्याचं प्रोबेशन गाव अठरा महिने धरत होतं त्याला होतं. दहा मतदार. दोन पाळ्यांचे लोक यावेत म्हणून सकाळी आणि संध्याकाळी एकेक तास ठेवला होता. हे आधीच्या बैठकीत मागून घ्यावं लागतं, नाहीतर रात्रपाळीचा माणूस झोपमोड करून येत नाही. आठ विरुद्ध दोन.

तारखांच्या बाबतीत एक गोष्ट उशिरा कळली. वाटाघाटी करायच्या असतील तर गावाचं अंदाजपत्रक सादर होण्याच्या १२० दिवस आधी लेखी नोटीस द्यायची असते. आमच्या गावात ते फेब्रुवारीच्या सुरुवातीला सादर होतं, म्हणजे नोटिशीची वेळ ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातच टळली होती. आणि पैशाशी संबंधित प्रत्येक कलम शेवटी मार्चच्या गावसभेत मतदारांसमोर जातं. आपली ग्रामसभा डोळ्यांसमोर आणा, तसंच. गावसभेने नाही म्हटलं तर पगारवाढ होत नाही, आणि निकाल लादणारा लवाद इथे नाही. त्यामुळे आमचं पहिलं पैशाचं कलम एक वर्ष पुढे गेलं. तुम्ही अर्ज करणार असाल तर अंदाजपत्रकाच्या तारखेपासून उलटे महिने मोजा. आम्हाला अर्जापासून मतदानापर्यंत सात महिने लागले. त्यात नोटिशीचे चार मिळवले की अकरा होतात. फेब्रुवारीचं अंदाजपत्रक असेल तर अर्ज आदल्या वर्षीच्या मार्चच्या सुरुवातीला जायला हवा.

पैसे पुढे गेले तरी बाकीची बोलणी डिसेंबरमध्ये सुरू झाली. कराराचं पहिलं कलम मान्यतेचं असतं, त्यात युनिटमधल्या पदांची यादी येते. गावाने पाठवलेल्या मसुद्यात ‘डिस्पॅचर’च्या आधी ‘पूर्णवेळ’ हा एक शब्द जास्त होता. उद्या गावाने अर्धवेळ डिस्पॅचर नेमला असता तर तो आपोआप बाहेर राहिला असता, आणि एक पूर्णवेळ जागा मोडून दोन अर्धवेळ केल्या असत्या तर आमचे अकराचे दहा झाले असते. आम्ही बोर्डाचं प्रमाणपत्र मसुद्याशेजारी ठेवून शब्दन् शब्द ताडला. प्रमाणपत्रात ‘पूर्णवेळ आणि नियमित अर्धवेळ’ असं आहे. दुसऱ्या बैठकीत कलम त्याप्रमाणे झालं, दोन्ही बाजूंनी त्यावर आद्याक्षरं केली, आणि आम्ही रजेच्या कलमाकडे वळलो.